एका दिवसाचा चार्ज

सकाळी सव्वादहा वाजता मोहना दिघेने टेबलाच्या खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला, कुलसचिवांचा गोल शिक्का त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही वस्तू उपकुलसचिव विक्रमसिंह परमार यांच्याकडे सरकवल्या. परमारांनी सही केली, पेनाला टोपण लावलं. चार्ज गेला.

"बस? इतकंच?" परमार म्हणाले. "मला वाटलं हार-बिर घालतील."

"एका दिवसाला हार नसतो, परमारभाई."

"एक दिवस तर एक दिवस. गामडे, गावी, फोन करून टाकतो, तमारो विक्रम रजिस्ट्रार थई गयो."

मोहना हसली. हसताना तिला जांभई आली आणि तिने ती रुमालामागे लपवली. रात्री झोप लागली नव्हती.

कुलसचिवपदाच्या मुलाखती आज होत्या. उमेदवार चार, त्यातली एक ती. निवड समितीचा सचिव हा कुलसचिवच असतो आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसू शकत नाही, म्हणून तिने दिवसभराची रजा टाकली होती आणि कार्यभार परमारांकडे दिला होता. तोही कागदावर कधी कायमचा तिचा नव्हता. सहा वर्षांपूर्वी आधीचे कुलसचिव आजारपणाच्या रजेवर गेले, तेव्हा 'पुढील आदेश होईपर्यंत' म्हणून तिला प्रभारी नेमलं. ते परत आले नाहीत आणि पुढील आदेशही आला नाही.

बडोद्यात 'युनिव्हर्सिटी' म्हटलं की लोकांना सयाजीगंजातलीच आठवते. हे विद्यापीठ नवं, शहराच्या उत्तरेला, सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. रिक्षावाल्याला 'सावली रोडवाळी' असं सांगावं लागे.

मोहना उठली. खुर्चीतून उठायला तिला थोडं पुढे घसरावं लागे. ती खुर्ची आधीच्या साहेबांच्या उंचीला लावलेली होती, ते साडेसहा फुटांच्या घरातले. बसल्यावर तिचे पाय जमिनीपासून चार बोटं वर राहत. बाजूला एक दांडा होता, तो ओढला की खुर्ची खाली येते हे तिला माहीत होतं. पण खुर्ची त्यांची होती आणि ते रजेवर होते.

"जेवणात कांदा-लसूण नसलेलं एक ताट वेगळं आहे," दारातून वळून ती म्हणाली. "बाहेरच्या तज्ज्ञांना चहा बिनसाखरेचा. समितीच्या खोलीतला एसी सोळावर ठेवा, नाहीतर बंद पडतो."

"मोहनाबेन," परमार म्हणाले, "तुम्ही उमेदवार आहात. जा, बाकड्यावर बसा."

बाकड्यावर तिघे आधीच बसलेले होते. त्यातला नव्या कोटातला, पस्तिशीचा प्राचार्य तिला पाहून उठला.

"मॅडम, इथे झेरॉक्स कुठे होईल? एक प्रमाणपत्र राहिलंय."

त्याचा कागद घेऊन ती आत गेली, दोन प्रती काढून आणल्या. त्याने थँक्यू म्हटलं आणि पैसे किती असं विचारलं. थोड्या वेळाने तिचं नाव पुकारलं तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

आत समितीचे पाच जण होते, मधोमध कुलगुरू, आणि कडेला सचिव म्हणून परमार. बाहेरून आलेल्यांची प्रवासाची तिकिटं तिनेच काढून दिली होती. तिचं शिक्षण, अनुभव, मूल्यांकनाच्या वेळचं काम, वेळेवर लागलेले निकाल, सगळं विचारून झालं. उत्तरं देताना तिच्या लक्षात आलं की कोपऱ्यातल्या खिडकीचा पडदा अर्धाच ओढलाय आणि एका सदस्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय. तेवढ्यात चहा आला. चहावाल्याने साखरेचा कप बाहेरच्या तज्ज्ञांसमोर ठेवला. ती खुर्चीवरून अर्धी उठली.

"बसा, मॅडम," कुलगुरू हसले. "आज तुम्ही पाहुण्या आहात."

सगळे हसले. ती बसली.

बाहेरचे तज्ज्ञ वयस्कर होते, स्वतः बावीस वर्षं कुलसचिव राहिलेले. त्यांनी साखरेचा कप निमूटपणे प्यायला आणि मग पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मला एकच विचारायचंय. या सहा वर्षांत तुम्ही स्वतः घेतलेला एक निर्णय सांगा. तुम्ही नसतात तर झाला नसता, असा."

"निकाल ऑनलाइन—"

"ते शासनाचं परिपत्रक होतं. सगळीकडे झालं."

"वसतिगृहाची प्रवेशपद्धत."

"त्याला समिती होती. मी वाचलाय तिचा अहवाल. लहानसा निर्णय असला तरी चालेल."

मोहनाने हात मांडीवर घेतले. पाच माणसं वाट पाहत होती. त्यांच्यातल्या कोणाच्याही चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता.

"प्रभारी कुलसचिवाला धोरणात्मक निर्णय घेता येत नाहीत, सर," ती म्हणाली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम तसाच आहे." आणि त्यांनी समोरच्या कागदावर काही लिहिलं नाही.

साडेतीनला मुलाखती संपल्या. समितीने शिफारस पाकिटात घातली, पाकिटावर लाख लावली आणि सगळे जेवणातल्या भाकरवडीबद्दल बोलत खाली गेले. पाकीट कार्यकारी परिषदेच्या बैठकीत उघडायचं होतं. मोहनाला घरी जायला काही हरकत नव्हती, ती रजेवरच होती. तरी ती परीक्षा विभागात डोकावली, लिफ्टजवळ सांडलेलं पाणी पुसायला सांगितलं. मग स्कूटरची किल्ली शोधत पार्किंगकडे निघाली, तेव्हा तिला इमारतीच्या मागून हॉर्न ऐकू आले. मागून हॉर्न येण्याचं काही कारण नव्हतं. मागे भिंत होती आणि भिंतीत एक गेट होतं, तीन वर्षं बंद.

ती वळसा घालून गेली. गेट उघडं होतं.

मागच्या गेटाच्या समोरच सावलीच्या बसचा थांबा. बाहेर रस्त्याचं रुंदीकरण निघालं तेव्हा त्या वेळच्या कुलगुरूंनी पंधरा दिवसांसाठी, तोंडी सांगून, गेट बंद करवलं होतं. रस्ता झाला. ते कुलगुरू गेले, दुसरे आले. गेट तसंच राहिलं. सावलीकडून येणारी मुलं बसमधून उतरून भिंतीच्या कडेने दीड किलोमीटर चालत पुढच्या दरवाजाने येत. दर पावसाळ्यात त्यांचा अर्ज यायचा. मोहना त्यावर 'चर्चा करावी' असं लिहायची. चर्चा कोणी कोणाशी करायची हे तिने लिहिलं नव्हतं, कारण बंद करण्याचा हुकूमच कुठे लिहिलेला नव्हता. जो हुकूम कागदावर नाही तो मागे घ्यायचा अधिकार प्रभारीला आहे का, हा प्रश्न ती स्वतःला विचारायची आणि अर्ज फाइलला लागायचा.

आता तिथे जत्रा भरली होती. बातमी तासाभरात पसरली असावी. स्कूटर आत येत होत्या, बाहेर जात होत्या, बस थांब्यावर तिरकी उभी राहिली होती आणि या सगळ्यात विद्यापीठाची पांढरी गाडी अडकली होती. चालकाने रस्ता जवळचा म्हणून मागून काढली असणार. मागच्या सीटवर बाहेरचे तज्ज्ञ बसलेले होते. त्यांनी काच खाली केली, घड्याळ पाहिलं, काच वर केली. साडेपाचची रेल्वेगाडी होती त्यांची.

पलीकडे चहाच्या लारीवर, हातगाडीवर, परमार बशीतून चहा पीत होते.

"परमारभाई, हे कोणी केलं?"

"मी. किल्ली तुम्हीच दिली ना सकाळी."

"पण का?"

परमारांनी गुडघ्यावर हात ठेवला. "हा डावा. डॉक्टर म्हणतो चालू नका. चहा इथला आवडतो. पुढून वळसा घालून यायचं म्हणजे जायला दुखतं, यायला दुखतं. आणि वर पाठवला तर थंड होऊन येतो. तीन वर्षं थंड चहा पितोय, मोहनाबेन."

"चहासाठी गेट उघडलंत?"

"तो शुं, मग काय? मला काय भाषण द्यायचंय?"

"उद्या विचारतील."

"एक दिवसना राजाने कोण पूछे? कोण विचारणार त्याला?" ते म्हणाले. "उद्या मी पुन्हा परमार. आठ महिन्यांनी तोही नाही."

पांढरी गाडी दोन हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. पाठीवर दप्तर घेतलेल्या तीन मुली बसमधून उतरल्या, गेटातून आत आल्या आणि त्यातली एक मध्येच थांबून मागे बघायला लागली, काहीतरी विसरल्यासारखी.

"बंद करा आत्ता," मोहना म्हणाली. "सकाळी बघू."

"सकाळपर्यंत चार्ज माझा आहे," परमार म्हणाले, आणि त्यांनी लारीवाल्याला दोन बोटं दाखवली. "साखर कमी, बेनसाठी."

तिने चहा घेतला. गरम होता. घाईने घेतला म्हणून जीभ पोळली.

घरी, समा भागातल्या सोसायटीत, तिचा नवरा अविनाश गॅलरीत पपई चिरत बसला होता. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून फळं चिरणं हे खातं त्याच्याकडे होतं.

"कशी झाली?"

"झाली."

"काय विचारलं?"

"मागच्या गेटाबद्दल."

"इंटरव्ह्यूत?" त्याने सुरी थांबवली. "गेटाबद्दल काय विचारायचंय?"

मोहनाने पपईची फोड उचलली, तोंडापर्यंत नेली आणि पुन्हा बशीत ठेवली.

"तू पाठ टेक जरा," अविनाश म्हणाला. "घरातसुद्धा खुर्चीच्या टोकावर बसतेस. कोणी उठवणार आहे का तुला इथून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या आणि शिक्का टेबलावर होते. परमार सही करून आपल्या खोलीत गेले होते. मोहना खुर्चीवर बसली आणि दचकली. तिची पावलं जमिनीला टेकली होती, दोन्ही, पूर्ण. परमार बुटके, काल आल्या आल्या त्यांनी दांडा ओढला असणार. तिने हात खाली घालून दांडा चाचपला. थोडा वेळ हात तिथेच ठेवला. मग काढून घेतला.

फोन वाजला. कुलगुरूंच्या कार्यालयातून निरुपमा बोलत होती. निरुपमा त्यांची स्वीय सहायक, पण मोहनाशी तिचं बोलणं घरच्यासारखं.

"मोहनाताई, साहेब भयंकर तापलेत. तज्ज्ञांची गाडी चुकली काल. टॅक्सीने गेले बिचारे, रात्री साहेबांना फोन करून ऐकवलं. मागचं गेट कोणी उघडलं ते विचारतायत. लेखी हवंय दुपारपर्यंत, परिषदेपुढे ठेवणार म्हणाले."

"परिषदेपुढे कशाला?"

"आता रागात काय सांगायचं. पण ताई, सिक्युरिटीवाला परमारभाईंचं नाव घेतोय. त्यांचे निवृत्तीचे कागद निघालेत ना? चौकशी लागली तर अडकतील हो."

मोहना खिडकीकडे पाहत होती. इथून मागची भिंत दिसत नसे. फक्त आवाज येत होता, बसचा ब्रेक लागल्याचा आणि मग पोरांचा.

"ताई? काय सांगू?"

"मी उघडलं म्हणून सांग."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुम्ही?" निरुपमाचा आवाज खाली गेला. "पण काल तुमच्याकडे चार्ज कुठे होता? तुम्ही तर उमेदवार होतात. बिनचार्जच्या उमेदवाराने गेट उघडलं आणि त्यात समितीचाच माणूस अडकला... असं लिहू? पाकीट त्याच बैठकीत उघडायचंय, ताई."

"माहीत आहे. बैठकीची सूचना मीच काढलीय."

"बंद तरी करून टाकू का आत्ता? म्हणजे लिहिता येईल, चूक सुधारली म्हणून."

"नको."

"मग कारण काय लिहू?"

मोहनाने विचार केला. अर्ज होते, तीन पावसाळ्यांचे, ते कारण म्हणून सांगता आले असते. सांगितले असते तर इतके दिवस का नाही, हेही लिहावं लागलं असतं.

"कारण मी लिहून पाठवते," ती म्हणाली. "दुपारपर्यंत."

तिने फोन ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला. तेवढ्यात परमार आत आले, लंगडत, हातात झाकण लावलेला स्टीलचा पेला.

"गरमागरम," ते म्हणाले. "पाच मिनिटांत जाऊन आलो. बघा, वाफ येते." पेला टेबलावर ठेवून त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "निकालाची चिंता करता? होईल. तुमच्याशिवाय कोण बसणार इथे?"

"खुर्ची तुम्ही खाली केलीत?"

"हो. चढवू परत?"

"राहू दे."

परमार गेले. तिने पेल्याचं झाकण काढलं आणि कागदावर तारीख घातली.

टिपण दुपारी पावणेदोनला कुलगुरूंच्या कार्यालयात पोहोचलं. त्यात चार ओळी आहेत आणि परमारांचं नाव नाही. परिषदेची बैठक शुक्रवारी आहे. लाखेचं पाकीट निरुपमाच्या कपाटात आहे. आज गुरुवार, संध्याकाळच्या सावली बसपर्यंत तरी मागच्या गेटाला कुलूप लावायला कोणी सांगितलेलं नाही, तोंडीही नाही.