बिनमाणसाची पिशवी

मी पिशवी बोलतेय. दचकू नका. मला बघून एकदा अख्खी एस.टी. दचकली होती, तेवढं मला जन्माला पुरलं आहे.

मुळात मी जन्मले तीच संशयात. नगरच्या जुन्या बाजारात पलटणीच्या तंबूंचं जुनं कापड विकायला यायचं. खाकी, जाड, दोन पावसाळे खाऊनही न विरलेलं. झुंबरबाईंनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला आणि विकणाऱ्याकडे रोखून बघत विचारलं, "चोरीचं न्हाई ना रं?" तो नाही म्हणाला. त्याच्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण कापड मजबूत होतं म्हणून घेतलं. पुढे शिंप्याने मला शिवताना सुई मोडली आणि माझ्या नावाने दोन शिव्या हासडल्या. असं माझं बारसं झालं.

झुंबरबाई पारनेरकडच्या. शेतकरी घरातली कर्ती बाई. दूधवाल्याचं माप, सुनेच्या हातचं मीठ आणि घड्याळाचे काटे, या कशावरच त्यांचा भरवसा नसे. बाजाराला गेल्या की मला पोटाशी धरून चालायच्या, जशी काही सगळी नगरची पेठ माझ्याच मागावर आहे. मला मात्र ते आवडायचं. ज्या पिशवीवर कुणाचा जीवच नाही, ती पिशवी कसली.

त्या साली चंपाषष्ठी तोंडावर आली आणि झुंबरबाई घरचे टाक घेऊन नगरला निघाल्या. टाक म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा. घरोघरी देव्हाऱ्यात असतात. त्यांच्या घरचे टाक पिढ्यान्‌पिढ्या धुऊन धुऊन गुळगुळीत झाले होते. खंडोबा कोणता आणि भवानी कोणती, हे फक्त झुंबरबाईंनाच ओळखू येई. सोनाराकडून ते नवे करून घ्यायचे आणि षष्ठीला देव्हाऱ्यात बसवायचे, असं ठरलं होतं. देव घरी येईपर्यंत देव्हारा रिकामा, आणि षष्ठीला देव बसल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालणार नव्हतं. सोनार काम करत होता तेवढा वेळ झुंबरबाई त्याच्या हाताकडे बघत बसल्या होत्या. चांदीत काही मिसळायची त्याची काय टाप होती.

काम झालं. नवे टाक फडक्यात बांधून माझ्या तळाशी ठेवले, वर खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडाऱ्याची कागदी पुडी. भंडारा म्हणजे खंडोबाला उधळायची हळद. मी जड झाले होते, आणि खरं सांगते, जरा ताठलेही होते. देव वाहायचं काम रोज मिळत नाही.

आता आपल्याकडची एक चाल तुम्हाला ठाऊकच आहे. एस.टी. स्टँडात शिरली की माणसं दाराकडे नंतर धावतात, आधी खिडकीतून जागा धरतात. कुणी रुमाल टाकतो, कुणी टोपी, कुणी आपलं कडेवरचं पोरसुद्धा आत सोडतो. ज्याची वस्तू सीटवर, त्याची ती जागा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण भांडकुदळ माणूसही तो मोडत नाही.

झुंबरबाईंच्या हातात माझ्याशिवाय काही नव्हतं. शिवाय देवांना माणसांच्या पायाशी कसं ठेवायचं, त्यांना बसायला जागा हवीच. त्यांनी टाचा उंचावून मला खिडकीतून आत सारलं, सीटवर नीट ठेवलं आणि दाराकडे पळाल्या. चूक एवढीच झाली की रोज ज्या जागी पारनेरची गाडी लागते, तिथे त्या दिवशी शेवगावची लागली होती. लढाईचे दिवस जवळ आले होते, स्टँडासमोरून लष्कराच्या मालमोटारींची रांग सरकत होती, आणि गाड्या मिळेल तिथे उभ्या केल्या होत्या. पाटी झुंबरबाईंना वाचता येत नव्हती, आणि विचारलं असतं तरी सांगणाऱ्यावर विश्वास कुणी ठेवायचा. त्या दारापाशी पोचेपर्यंत घंटी वाजली. मी खिडकीतून त्यांना धावताना पाहिलं. त्या ओरडत होत्या. इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

अशी मी निघाले, एकटी, पारनेरच्या उलट दिशेला.

माझ्या शेजारी एक विशीतला तरुण बसला होता. त्याचं नाव गहिनीनाथ, हे मला नंतर कळलं. गाडी गच्च भरली होती. लंकाबाई नावाची एक म्हातारी दांड्याला धरून हेलकावे खात होती, तरी माझ्या जागेवर कुणी बसलं नाही. "असंल कुनाची तरी, येत्याल," असं गहिनीनाथ म्हणाला आणि अंग चोरून बसला. इथवर माणसं फार चांगली होती.

करंजीच्या घाटात गाडीने असे गचके खाल्ले की माझ्यातली पुडी फुटली. शिवणीतून पिवळी भुकटी सीटवर सांडायला लागली. घाट ओलांडून गाडी सपाटीला लागली तेव्हा लंकाबाईचे पाय थकले आणि तिने विचारलं, "कुनाची हाय रं ही पिशवी? तिचा धनी यीना, मला तरी बसू द्या."

कंडक्टर राधाकृष्ण मोठ्याने म्हणाला, "ही पिशवी कुणाची?"

कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा विचारलं. आणि मग गाडीभरच्या माना माझ्याकडे वळल्या, त्या मी पुढे कधी विसरू शकले नाही. इतका वेळ मी जागा धरून बसलेली पिशवी होते. त्या क्षणापासून मी काहीतरी वेगळीच झाले.

पुढच्या सीटवर काकासाहेब बसले होते, सोसायटीचे माजी चेअरमन. पांढरी टोपी, हातात वर्तमानपत्र. ते मागे वळले. "कालच नगरात भोंगा लावून सांगत हुते. बेवारशी वस्तूला हात लावू नका म्हनून. खाकी हाय बघा. आन् त्यो पिवळा गंधक सांडतोय."

बेवारशी. हा शब्द मला जो लागला तो अजून लागतो. माझी वारस तिकडे स्टँडावर ऊर फुटेस्तोवर धावत होती, आणि हे मला बेवारशी म्हणत होते. आणि गंधक? ज्या माणसांनी दर वर्षी कपाळभर भंडारा लावला, त्यांना भीतीपोटी हळदीचा रंग ओळखू येईना.

गाडी उभी राहिली. जो तो तोंडाला येईल ते सुचवू लागला. खिडकीतून फेका. फेकली तर फुटंल. तिसगावच्या चौकीवर न्या. तिथवर तिच्यासंगं बसायचं कुनी? राधाकृष्णची पंचाईत वेगळीच होती. "सापडलेली वस्तू उचलून स्टँडात जमा करायची, हा जुना नियम. हात लावायचा न्हाई, हा नवा. मी कुटला मोडू?" असं म्हणत तो माझ्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं गेला.

मग काकासाहेबांची नजर गहिनीनाथवर पडली. "तुझं सामान कुटं हाय?"

"न्हाई सामान."

"नगरास्नं येतोयस आन् सामान न्हाई?"

झालं. इकडे बिनमाणसाची पिशवी, तिकडे बिनपिशवीचा माणूस. लोकांनी आमची दोघांची गाठ मारून टाकली. हा केव्हापासून हिच्याशेजारी बसलाय, हिच्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही, येत्याल म्हणाला, कोण येत्याल, सगळ्याचा आता नवा अर्थ लागत होता. संशय आला की माणसं किती भराभर विचार करतात, ते मी जवळून पाहिलं.

"नगरला कशाला गेल्तास?"

"पाव्हण्याकडं."

"कोन पाव्हणं? नाव सांग."

त्याला नाव सांगता येईना. मान खाली, कानशिलं तापलेली. मला तो खरोखर गुन्हेगार वाटायला लागला, मग दुसऱ्यांना काय बोल लावू. कुणीतरी त्याची बखोट धरली. कुणी म्हणालं, बांधा ह्याला. तेव्हा तो एकदम बोलला.

"भरतीला गेल्तो. छाती कमी भरली. परत लावलं. गावातनं वाजत गाजत धाडलं हुतं मला. घरी सांगाया तोंड न्हाई, म्हनून पाव्हणं म्हनलो."

एवढं खरं बोलून त्याचं काही भलं झालं नाही. काकासाहेब म्हणाले, "असं व्हय? मग लढाईवरच चाल्ला हुतास की. उचल ती पिशवी आन् टाक त्या इहिरीत. तुझी न्हाई, तर भ्यायचं कशाला? आन् तुझी असंल, तर तूच निस्तर."

रस्त्यापासून थोडी आत एक पडकी विहीर होती. काठ ढासळलेला, आत काळं पाणी आणि बाभळीच्या फांद्या. त्यात पडलेलं पुन्हा वर येत नाही. मला कळलं की षष्ठीला झुंबरबाईंचा देव्हारा रिकामा राहणार, आणि त्या जन्मभर स्वतःवर संशय घेत बसणार, की आपणच आपले देव घालवले.

गहिनीनाथने मला उचललं. हात लांब ताणून, मान मागे करून तो खाली उतरला. सगळी गाडी आमच्याकडे बघत होती, खिडक्यांमधून, पण काचेआडून. अर्ध्या वाटेत माझा एक बंद शिवणीतून सुटला. शिंप्याने माझ्यावर काढलेला राग तिथे उपयोगी पडला म्हणायचा. मी निसटायला लागले तशी त्याने मला छातीशी कवटाळली. मग तसाच चालत राहिला. त्याचं काळीज माझ्यावर धाड धाड आपटत होतं. त्याला खात्री होती की मी फुटणार. तरी त्याने पाऊल मागे घेतलं नाही, आणि मला वाटेत टाकून पळालाही नाही.

काठावर तो थांबला. मागून सगळे एका सुरात ओरडू लागले, "टाक, टाक, टाक."

क्षणभर मला आनंद झाला. वाटलं, ओळखलं यांनी, माझ्यात काय आहे ते. मग ध्यानात आलं, ते मला फेकायला सांगत होते.

फेकण्यासाठी त्याने एक हात माझ्या तळाखाली घातला, आणि बोटं चाचपडत तिथेच राहिली. घरी दर रविवारी देव धुवायचं काम त्याच्याकडे असे. ती पातळ, पानासारखी चांदी फडक्यातूनही त्याच्या बोटांना कळली.

तो वळला. "टाक हायेत," तो म्हणाला.

"आरं तेच म्हनतोय आमी, टाक," काकासाहेब ओरडले.

"न्हाई, टाक हायेत. ह्यात."

"आदी टाक, मग बोल."

तो बोलायचा थांबला आणि मला घेऊन सरळ गाडीकडे चालू लागला. तशी गाडीतली माणसं एकमेकांवर पडत मागे सरकली. काकासाहेबांची टोपी कुणाच्या तरी पायाखाली गेली. फक्त लंकाबाई दारात उभी होती, तिला सरकायला जागाच नव्हती. गहिनीनाथ जवळ आला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची छाती माझ्या भंडाऱ्याने पिवळीधमक झाली होती. म्हातारीने डोळे बारीक केले.

"आगं बाई," ती म्हणाली, "ह्यो तर देवाला जाऊन आल्यावानी दिसतोय. भंडारा हाय त्यो. तुमचं डोळं फुटलं व्हतं का रं?"

मग फडकं सोडलं गेलं. नवे कोरे टाक उन्हात लखलखले. एकेकाने पायातली वहाण काढली. राधाकृष्णने तिकिटांची पेटी सावरत हात जोडले. माझ्यातला भंडारा बहुतेक सांडूनच गेला होता, म्हणून लोक गहिनीनाथपुढे आले आणि त्याच्या सदऱ्यावरून बोटाने भंडारा घेऊन कपाळाला लावू लागले. मघाशी ज्याची बखोट धरली, त्याच्याच छातीवरून. काकासाहेब सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी बोट लावलं, पण त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

लंकाबाईला अखेर जागा मिळाली. देवांसकट मला मांडीवर घेऊन ती बसली. तिसगावच्या पुढे एका फाट्यावर गहिनीनाथ उतरायला उठला. पायरीवर घुटमळला. घरी काय सांगायचं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हातारीला ते दिसलं.

"सदरा झटकू नगंस," ती म्हणाली. "कुटं गेल्तास इचारलं, तर सांग, देवाला गेल्तो. खोटं हाय का?"

तो हसला. उतरला. त्याला मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

राधाकृष्णने शेवगावला मला जमा केलं नाही. दोन्ही नियम मोडून, त्याच गाडीने परतताना मला आपल्या शेजारी बसवलं. झुंबरबाई नगरच्या स्टँडावर तिथेच होत्या, पाण्याचा घोटही न घेतलेल्या. त्यांनी देव मोजले, बरोबर भरले तरी पुन्हा मोजले, आणि माझा तुटलेला बंद बघून कंडक्टरकडे संशयाने पाहिलं. मग त्या रडल्या. षष्ठीला देव देव्हाऱ्यात बसले.

पुढे लढाई लागली आणि संपली. त्यानंतर पावसाने पाठ फिरवली, तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या सुनेच्या भाकरी मी वाहिल्या. आता मी खुंटीवर असते. तळाला उंदराने भोक पाडलं आहे. पिवळा डाग किती धुतला तरी गेला नाही, आणि झुंबरबाई म्हणतात, साबणच खोटा.

तुम्हाला कधी कुठे धन्याशिवाय पिशवी दिसली, तर जरूर सावध व्हा. हात लावू नका, चार जणांना विचारा, मी रागावणार नाही. संशय घ्यायचा तर पिशवीचा घ्या. पण तिच्या शेजारी कुणी रिकाम्या हाताने बसला असेल, तर त्याची आणि तिची गाठ मारण्याआधी जरा थांबा.

आणि भरतीच्या त्या साहेबांना कुणी भेटलं, तर माझा निरोप द्या. तुमची फीत चुकली होती. ती छाती मी मापली आहे, आतून धडधडत असताना. ती कमी नव्हती.