पिवळी खुर्ची आणि दाराजवळचं स्टूल

थोरल्या नातीचं लग्न ठरलं, त्याच वर्षी आजोबांची जुनी लाकडी खुर्ची रंगवली गेली. आजोबा शिंपी. दुकान बंद केल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या खुर्चीत जायचा. खुर्चीच्या उजव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता आणि गादीतून काथ्या डोकावत होता.

त्यांचा मुलगा कचेरीत कारकून, पण हाताने काही करायची भारी हौस. पाहुणे यायच्या आधी त्याने खुर्ची घासली, पिवळाधमक रंग दिला आणि गादीवाल्याकडून मोठ्या लाल फुलांचं कापड ठोकून आणलं.

त्याची बायको म्हणाली, "अहो, नवरीपेक्षा हीच जास्त नटलीय!"

सगळे हसले. आजोबाही हसले. कापडावरून बोटं फिरवून ते बसायला वाकले.

"बाबा, थांबा! रंग अजून कच्चा आहे," मुलगा म्हणाला.

दोन दिवसांनी, "बाबा, चहा सांडेल हं." मग, "पाहुणे येऊन जाऊ देत."

पाहुणे आले, खुर्चीचं कौतुक करून गेले. आजोबा तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराजवळ स्टुलावर होते. पुढेही ते तिथेच बसू लागले. त्यांना कोणी उठवलं नव्हतं, पण खुर्चीत बसा असंही कोणी म्हटलं नाही.

लग्नाच्या तयारीला आजोबांची धाकटी बहीण आली.

"दादा, पाठ टेकायला काही नाही, इथे काय बसलास?"

"बरं आहे गं. चुलीची ऊब लागते."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चहाचा कप घेऊन सरळ पिवळ्या खुर्चीत बसली. भाचा धावला. "आत्या, जरा जपून!"

"का रे? खुर्ची आहे की देव्हारा? लाकूड टाकून न देता रंगवलंस, फार चांगलं केलंस. पण जिचा मालक स्टुलावर गेला, ती खुर्ची कोणासाठी रे? आणि कापड बाहेर दिलंस! घरात जन्मभर शिवणारा माणूस असताना?"

"त्यांचे हात थरथरतात, आत्या. उगाच त्रास कशाला द्यायचा?"

"त्यांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आणि एकदम त्याला आठवलं! खुर्ची घासत होता त्या आठवड्यात बाबांनी शिलाई मशीन पुसून तेल घातलं होतं. "आता कशाला हा उद्योग?" असं तोच हसून म्हणाला होता. बाबा तेव्हा कापड शिवायला बोलावण्याची वाट पाहत होते! त्याला मान वर करवेना.

संध्याकाळी तो नवं कापड घेऊन स्टुलापाशी खाली बसला. "बाबा, माझं चुकलं. वरून काढता-घालता येईल असं कव्हर शिवाल? चहा सांडला तर धुता येईल."

आजोबांनी कापड बोटांत चोळून पाहिलं. म्हणाले, "टेप आण. आणि दोरा लाल हवा, पांढरा नको."

एक शिवण वाकडी आली. "उसवतो रे," आजोबा म्हणाले.

"राहू द्या, बाबा. तशीच राहू द्या."

आजोबा खुर्चीत बसले आणि कप उजव्या हातावर ठेवला. नव्या रंगावर गोल डाग उमटला. कोणी पुसला नाही.

वाचकहो, जुन्या सामानाला अवश्य रंग द्या, नवं कापड चढवा. पण आधी त्यावर बसणाऱ्याला विचारा. घर सजवण्याच्या नादात आपण घरातलं माणूसच अडगळीत सरकवतो आणि ते आपल्याला कळतही नाही.

आजोबा त्या खुर्चीत जेमतेम एक उन्हाळा आणि एक पावसाळा बसले. स्टुलावर गेलेले दिवस मुलाला काही परत देता आले नाहीत. नातीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आजोबा वारले.