ओकाबे-सानच्या सहा फेऱ्या

जुई रिसबूड हरली, आणि पुढचे तीन आठवडे तिला कुणी हरू दिलं नाही.

नागोयात बॉक्सिंगची दहा फेऱ्यांची लढत झाली. तीनपैकी दोन पंचांनी ओसाकाच्या मिओ ओकाबेला कौल दिला, एकाने जुईला. दोन वर्षं जुईकडे असलेला विजेतेपदाचा पट्टा बावीस वर्षांच्या मुलीच्या कमरेला गेला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुण्याहून मावशीचा मेसेज आला, 'धडधडीत अन्याय!' जुई सकाळी ज्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम करायची, तिथल्या मॅनेजरनेही तिला बाजूला घेऊन सांगितलं, "आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. जिंकला होतात तुम्हीच."

सगळ्यांत जास्त पेटले होते तिचे बाबा. विनय रिसबूड गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी बघत. तीन वर्षांच्या पोस्टिंगवर पुण्याहून जपानला आले होते, तेव्हा जुई सात वर्षांची होती. त्याला आता वीस वर्षं झाली. सोळाव्या वर्षी ती स्टेशनजवळच्या बॉक्सिंग जिममध्ये जायला लागली, तेव्हा त्यांनी सहा महिने तिच्याशी अबोला धरला होता. आता तेच रोज ऑफिसातून आले की बूट काढून थेट लॅपटॉप उघडत आणि लढतीचा व्हिडिओ लावत.

करारात एक कलम होतं. जुई हरली तर तीस दिवसांच्या आत तिला परतीची लढत मागता येईल आणि ओकाबेला ती द्यावीच लागेल. एकवीस दिवस गेले होते.

"कायचो काय म्हणतात?" रविवारी सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं. कायचो म्हणजे जिमचे मालक कुरोदा. जुईला पहिला ठोसा त्यांनीच शिकवला होता.

"म्हणतात, तू ठरव."

"यात ठरवायचं काय? सरळ सरळ लुटलंय तुला. मी आठ वेळा पॉइंट मोजलेत. प्रत्येक वेळी सहा-चार, तुझ्या बाजूने."

सुलेखा, जुईची आई, गॅसपाशी पोहे परतत होती. ती मागे न वळता म्हणाली, "अहो, तिला आधी खाऊ द्या."

जुईने कप खाली ठेवला. "बाबा, नवव्यांदा मोजाल? माझ्यासमोर?"

"मोजतो की."

"आवाज बंद करून. आणि एक करा. निळे ग्लोव्हज घातलेली तुमची मुलगी आहे असं समजा."

"म्हणजे ओकाबे?"

"हो. लाल ग्लोव्हजवाली कुणीतरी परकी."

बाबा हसले, पण पेन्सिल घेऊन बसले. कारखान्यात त्यांनी मोजलेला भाग कुणी पुन्हा मोजायला घेत नसे, असा त्यांचा लौकिक होता. पहिल्या तीन फेऱ्या त्यांनी चटचट लिहिल्या. चौथीत व्हिडिओ थांबवून मागे नेला. लाल ग्लोव्हजवालीने डावा हात मारला, मग तो खाली पडू देऊन ती सरळ रेषेत मागे सरकली, आणि निळ्याचा उजवा हात तिच्या गालावर बसला. सहावीत तेच झालं. सातवीत दोनदा. पोहे गार झाले. सुलेखाही येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

दहावी फेरी संपल्यावर बाबांनी बेरीज केली. मग त्यांनी कागद जुईकडे सरकवला. सहा फेऱ्या निळ्याच्या होत्या.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"रिंगमध्येच कळलं होतं. घंटा झाल्यावर मी हात वर केला, कारण तसा करायचाच असतो. पण मला माहीत होतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुणी विचारलंच नाहीत. सगळे मला सांगतच होतात."

दुसऱ्या दिवशी तिने कुरोदांना सांगितलं, की परतीची लढत मागायची नाही. आत्ता मागितली तर तीच जुई तसाच हात खाली टाकून त्याच मिओसमोर उभी राहील. सवय दहा वर्षांची आहे, मोडायला निदान वर्ष लागेल. आधी छोट्या लढती खेळू, मग आव्हान देऊ. कुरोदा मान हलवून "हाय", म्हणजे हो, एवढंच म्हणाले आणि त्यांनी तिला आरशासमोर उभं केलं.

जिमने एका ओळीचं पत्रक काढलं: जुई परतीच्या लढतीचा हक्क वापरणार नाही. कारण दिलं नव्हतं, म्हणून लोकांनी आपल्या मनाने दिलं. पंचांच्या पक्षपाताला विटून तिने स्वाभिमानाने नकार दिला, असं कुणीतरी लिहिलं आणि तेच सगळीकडे झालं. जुईने ते वाचलं. खोडायला हवं, असं तिच्या मनात आलंही. पण कोंबिनीत लोक हळुवार बोलत होते, पोस्टमन वाकून नमस्कार करत होता. तिने ते तसंच राहू दिलं.

वर्षभरात ती तोयोहाशीत आणि गिफूत, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये, फारसं नाव नसलेल्या मुलींशी तीन लढती खेळली आणि तिन्ही जिंकली. हात आता वर राहू लागला होता. कुरोदा आव्हानाचं पत्र लिहायला बसणार, त्याच आठवड्यात ओसाकाहून बातमी आली. मिओ ओकाबेच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं होतं, पण ती पुन्हा रिंगमध्ये उतरू शकणार नव्हती. पट्टा रिकामा झाला.

"तेव्हाच मागितली असतीस तर," बाबा म्हणाले आणि थांबले.

"तर बहुतेक पुन्हा हरले असते."

"बहुतेक."

"हो. आता ते कधीच कळणार नाही."

आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने न जाण्याची जपानी रीत सुलेखाने केव्हाच आपलीशी केली होती. तिने नारळाच्या वड्यांचा डबा भरला आणि जुई ट्रेनने ओसाकाला गेली. ओकाबेच्या आईवडिलांचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. मिओ गडद चष्मा लावून काउंटरमागे शर्टांना चिठ्ठ्या टोचत बसली होती. जुईला पाहून ती उठली आणि खाली वाकली. मग दोघी दुकानामागच्या खोलीत बसल्या. मिओने एक वडी खाल्ली, दुसरी घेतली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही परतीची लढत का नाही मागितलीत?"

जुईने सगळं सांगितलं. हाताची सवय, वर्षभराचा हिशेब, बाबांनी मोजलेल्या फेऱ्या.

"म्हणजे तुम्ही हरलात, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

मिओने हातातली वडी डब्याच्या झाकणावर ठेवली. "हे तेव्हा सांगायला हवं होतं, जुई-सान. इथे शर्ट टाकायला येणारी माणसंही म्हणतात, पट्टा तुला पंचांनी दिला. मी वर्षभर वाट बघितली. तुम्हाला पुन्हा हरवलं असतं तर कुणाची बोलायची छाती झाली नसती."

"मी जिंकले असते तर?"

"तरी चाललं असतं. निदान आपल्याला कळलं असतं. मीच तुम्हाला लढतीला बोलावणार होते. आमचे कायचो म्हणाले, हक्क तिचा आहे आणि तिला नको आहे."

आपण हरलो हे जुईने स्वतःशी कबूल केलं होतं, घरी केलं होतं, आणि तेवढं पुरेसं धरलं होतं. त्याच हरण्यात दुसऱ्या कुणाचं तरी जिंकणंही होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून वाकली आणि म्हणाली, "चुकलं माझं." मिओने "नाही नाही" म्हटलं नाही. झाकणावरची वडी पुन्हा उचलून तिने फक्त विचारलं, "वड्या कशा करतात?"

जूनमध्ये रिकाम्या पट्ट्यासाठी जुईची लढत सेंदाईच्या एका मुलीशी ठरली. पत्रकार परिषदेत पहिलाच प्रश्न आला, "हिसकावून घेतलेला पट्टा परत मिळवण्याची ही संधी, असं म्हणता येईल?"

"नाही," जुई म्हणाली. "माझ्याकडून कुणी काही हिसकावलं नव्हतं. ओकाबे-सानने तो पट्टा जिंकला होता. दहापैकी सहा फेऱ्या तिच्या होत्या. मला तेव्हाही माहीत होतं. मी बोलले नाही, ही माझी चूक."

मागच्या रांगेत बाबा मान खाली घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी हे आतल्या पानावर दोन ओळींत छापून आलं. एवढ्याने मिओच्या दुकानातलं ते बोलणं थांबलं की नाही, ते जुईला कळलं नाही.

लढत ती जिंकली, तिन्ही पंचांच्या मते, पण थोडक्यात. पंधरा दिवसांनी सेंदाईच्या जिमचं पत्र आलं. त्यांना परतीची लढत हवी होती. या करारात तसं कलम नव्हतं.

"द्यायलाच हवी असं नाही," कुरोदा म्हणाले. "मुलगी जोरदार आहे. पुन्हा खेळलीस तर हरशीलही."

जुईने त्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि ऑक्टोबरातला कुठला रविवार मोकळा आहे, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघू लागली.