उरलेला दगड

छिन्नी हे नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी तिची जीभ तशी होती म्हणे. पुढे तिने दगडदुरुस्तीचंच काम धरलं, आणि नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

गावाबाहेरची उभी शिळा कोणी रोवली, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही. लोखंड माहीत नसलेल्या माणसांनी ती नुसत्या हातांच्या बळावर उभी केली आणि ती हजारो वर्षं उभी राहिली. मग एका वादळात आडवी झाली. चाळीस वर्षांपूर्वी गावातल्या नावाजलेल्या गवंड्याने, म्हणजे बाबांनी, ती पुन्हा उभी केली आणि बुडाशी सिमेंट ओतलं. त्या दिवसाचा फोटो अजून बैठकीच्या खोलीत लटकतोय. त्यात बाबांची छाती शिळेपेक्षा रुंद दिसते.

आता सिमेंटला तडे गेले, शिळा कलली, आणि काम मुलीकडे आलं.

शिळा उचलून ओंडक्यांवर निजवली तेव्हा खड्ड्याने सगळं सांगितलं. तळ एका बाजूला उतरता होता, शिळेचं बूडही तसंच तिरकं. पण बाबांनी ती पाठमोरी बसवली होती. उतार उताराला मिळाला नव्हता, मधली पोकळी सिमेंटने बुजवली होती. कडेने जुन्या लोकांनी पाचरीसारखे ठोकलेले दगड जागच्या जागी होते. फक्त एक जागा रिकामी. तिकोनी, वीतभर.

दुरुस्तीच्या कामाच्या अहवालात एक रकाना होता: ‘आधीच्या दुरुस्तीतील दोष’. तीन दिवस तो कोरा होता. तो भरला, की बाबांच्या हातच्या सगळ्यात मोठ्या कामावर काट मारणारी त्यांचीच पोरगी ठरणार होती. न भरता शिळा होती तशीच बसवली, तर कुणाला कळणार नव्हतं. शिळेला मात्र कळलं असतं, आणि ती पुन्हा कलली असती.

जेवताना सांगायचं ठरवून ती घरी गेली. पाणी घ्यायला उठली आणि स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून लावलेल्या दगडाला तिचा पाय लागला. लहानपणापासून लागत आला होता. तिकोनी, वीतभर.

ती उभीच राहिली.

“काय गं, ठेच लागली?” बाबांनी विचारलं.

“नाही. जरासा पाय लागला.”

बाबांनी तिच्या पायाशी पाहिलं, आणि ताटातला घास तसाच राहिला.

सकाळी क्रेनवाला आला, शिळेकडे हात करून म्हणाला, “ताई, तोंड कुणीकडे करायचं बाईसाहेबांचं?”

इतक्यात बाबा काठी टेकत आले. इतके दिवस ते लांबच्या बाकावरून बघायचे. आज खड्ड्याच्या काठापर्यंत आले, हातातली पिशवी जड होती.

“मी तिची देखणी बाजू रस्त्याकडे केली,” ते म्हणाले. “आयुष्यभर घरं बांधली. दर्शनी बाजू रस्त्याकडे, एवढंच ठाऊक. त्यांनी ती माळाकडे केली होती, जिथून कोणी येत-जात नाही.”

“तुम्हाला कधी कळलं, बाबा?”

“सिमेंट सुकल्यावर. एक दगड उरला. गवंड्याच्या हातात दगड उरला की समजावं, आपलं चुकलं. पण तोवर फोटो निघाले होते.” त्यांनी पिशवी पुढे केली. “फेकायचं धाडस झालं नाही. रोज पायात येईल असा ठेवला. तुझ्या आईच्या शिव्या खाल्ल्या त्यापायी.”

तिने दगड घेतला. चाळीस वर्षांच्या पायांनी त्याची एक कड गुळगुळीत झाली होती.

“अहवालात चुकांचा रकाना असेल ना?” बाबा म्हणाले. “लिही. अक्षर नीट काढ.”

“माळाकडे!” तिने क्रेनवाल्याला ओरडून सांगितलं.

शिळा हवेत सावकाश वळली आणि खाली उतरली. उतार उताराला मिळाला. आवाजसुद्धा झाला नाही. तिने बाबांना हात दिला, त्यांना खड्ड्यात खोदलेल्या पायरीवर बसवलं आणि लाकडी हातोडा त्यांच्या हाती ठेवला. तिकोनी दगड त्यांनी स्वतः ठोकला. तीन ठोके, चौथा लागला नाही.

संध्याकाळी वारा सुटला आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं. दोघंही दचकले.

“आता या दाराला काहीतरी बघायला हवं,” बाबा म्हणाले.