एका बाजूने पोकळ खोगीर

मित्रांनो, पागेतल्या तिसऱ्या खुंटीवर एका कुशीला कललेले जुने खोगीर दिसते ना, तेच मी. मला शिवणारा कारागीर सांगायचा, की माझ्या चामड्यात सुई शिरेना, म्हणून त्याने दाराचा खिळा वापरला. तो जरा थापाड्या होता. ती खोड टाक्याटाक्यातून माझ्यात उतरली आहे. पण घोड्याच्या पाठीबद्दल मी खोटे बोलत नाही. एकदाच बोलले, त्याचीच ही गोष्ट.

पागेचे मालक म्हणजे काका. त्यांच्या वडिलांपासून इथे एक नियम होता: खोगीर ज्याच्या पाठीवर नीट बसले, तो घोडा स्वारीला तयार. वय कोणी विचारायचे नाही, मला विचारायचे. मग माझा तोरा काय वर्णावा!

काळ्या नावाचा आमचा घोडा दोन वर्षांचा झाला तेव्हा अंगाने इतका थोराड, की दाराची चौकट त्याला वाकून वाट द्यायची. काकांनी मला त्याच्यावर ठेवले. खालची पाठ ओल्या फांदीसारखी लवत होती. ते फक्त मला कळत होते. पण सगळे म्हणाले, वा, काय झक्क बसलंय, आणि मी स्तुतीने फुगून गप्प राहिले. काका रोज स्वारी करू लागले. सहा महिन्यांत काळ्याचा गुडघा सुजला, पाठ झोळीसारखी खाली आली. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या कण्यावरून बोट फिरवले आणि सांगितले, की हा मांसाने वाढला, हाडे अजून कच्ची आहेत. पाठीची हाडे तर सगळ्यात शेवटी पक्की होतात. आता काळ्याला नुसते माझेही ओझे सोसत नाही. मी दिसले की तो कान मागे पाडतो.

पुढे त्याची धाकटी बहीण नकटी दोन वर्षांची झाली. तीही तशीच थोराड, आणि शर्यत महिन्यावर आलेली. काकांची पुतणी तिला लांब दोरीवर फिरवायची, लगामाची सवय लावायची. पाठीवर बसायला मात्र तिने साफ नकार दिला.

"काका, तिला चार वर्षांची तरी होऊ द्या."

"वय मोजत बसलो असतो, तर या पागेत कोंबड्या पाळाव्या लागल्या असत्या. खोगीर काय म्हणतं ते उद्या बघू."

ते ऐकून मी मनाशी गाठ बांधली. आभाळ कोसळले तरी या पोरीच्या पाठीवर बसायचे नाही.

सकाळी काकांनी मला ठेवले. मी डावीकडे घसरले. त्यांनी पोटाखालचा तंग आवळला. मी पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा असा जोर लावला, की पाय ठेवायची रिकीब थेट काकांच्या नडगीवर. मित्रांनो, हे सगळे मी एकट्याच्या हिमतीवर केले. पुतणी म्हणते, आदल्या दुपारी तिने माझी शिवण उसवून डाव्या बाजूची तीन मुठी लोकर काढली होती. म्हणो बापडी.

काकांनी मला उलटे केले, उसवलेल्या शिवणीतून हात आत घातला. मग पुतणीच्या स्वेटरला चिकटलेली लोकर त्यांना दिसली. तिने मान खाली घातली नाही.

"राग माझ्यावर काढा. तिच्या पाठीवर नको."

पलीकडे काळ्या मला पाहून भिंतीला टेकला होता. काकांची नजर त्याच्या खचलेल्या पाठीवर गेली. मग त्यांनी मला खुंटीवर टांगले.

"खोगीर नाही म्हणतंय," ते म्हणाले. "या वेळी ऐकू."

शर्यत आमच्याविना झाली. नकटी दोन वर्षे मोकळ्या पाठीने हुंदडली. मी धूळ खाल्ली. माझ्या पोटात उंदरिणीने बाळंतपण उरकले, एकवीस पिल्ले झाली. बरे, सात. चौथ्या वर्षी डॉक्टरबाईंनी नकटीची पाठ तपासून होकार दिला आणि पुतणी स्वार झाली. माझ्यावर नव्हे, नव्या खोगिरावर. तिने माझ्यात पुन्हा लोकर भरायला घेतली, तर काकांनीच तिच्या हातातली सुई काढून घेतली.

आता कोणी घाईघाईने कोवळे शिंगरू पुढे आणले, की काका मला खाली उतरवतात आणि म्हणतात, आधी हे बसवून दाखव.

तेव्हा मित्रांनो, अधूनमधून मला तेल तेवढे लावत जा, माझे चामडे तडकू देऊ नका. मला टिकायचे आहे. अजून पुष्कळ शिंगरे यायची आहेत, आणि मी त्यांतल्या एकाच्याही पाठीवर बसणार नाही.