धुतलेली मडकी

"फिनेल?" संघप्रियानं विचारलं.

"थोडंच. झाकणभर," झुंबरबाई म्हणाल्या. "आधी काथ्यानं घासली, मग सोडा लावला, आन् वास ऱ्हायला नको म्हणून वरनं फिनेल. बघ की हुंगून."

संघप्रियानं हुंगलं नाही. राजारामपुरीतल्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर वाकळा, चादरी, गाद्यांच्या खोळी आणि पडदे वाळत पडले होते. त्यांच्या कडेनं, ओळीनं पालथी घातलेली, उन्हात लालबुंद चमकणारी तिची मडकी होती. तिची म्हणजे खरं तर त्या त्या फ्लॅटवाल्यांची, पण गेला दीड महिना त्यांची काळजी तिनंच वाहिली होती. एकावर एक तीन मडकी, वर झाकण, बाजूला हवेसाठी भोकं, आणि अंगावर पांढऱ्या रंगात काढलेली वेलबुट्टी. वरच्यात रोजचा ओला कचरा आणि मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा, मधे मधे हात घालून मोकळा करायचा. दीड महिन्यात तळाच्या मडक्यात काळंभोर खत तयार. वास नाही, माशा नाहीत, आणि गॅलरीत ठेवलं तर दिसायलाही छान.

"आजी, आत खत होत आलं होतं," ती म्हणाली. "परवा उघडायचं होतं."

"परवा घट बसत्यात," झुंबरबाई म्हणाल्या. "घट बसायच्या आदी घरातली एक वस्तू धुवायची ऱ्हात न्हाय. सुपलीसुद्दा धुतो आमी. आन् ह्ये उष्टं-खरकटं तसंच ठेवू व्हय घरात?"

"मग आतलं कुठं टाकलं?"

"घंटागाडीत."

"सगळ्यांनी?"

"मी सांगितलं सगळ्यांस्नी," झुंबरबाई अभिमानानं म्हणाल्या. सत्तरी ओलांडली तरी त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत जायचा. त्यांचा मुलगा सयाजीराव सोसायटीचा चेअरमन होता, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं कुणी मोडत नसे.

संघप्रियानं एक मडकं उचलून सरळ केलं. आतून ते हॉस्पिटलच्या फरशीसारखं स्वच्छ होतं. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला ती स्वच्छता बघून रडू यायला हवं होतं, पण तिला आला संताप, आणि तो जास्त करून स्वतःवरच आला. जन्मापासून ती कोल्हापुरात होती. दसऱ्याचं धुणं म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण तिच्या घरी घट बसत नसत. त्यांचा दिवस विजयादशमी, धम्मदीक्षेचा. घराला रंगही त्याच सुमारास लागायचा. कॅलेंडरवर दीड महिना मोजताना तिनं भुसा मोजला, पावसाळी हवा मोजली, तापमानाचा चढउतार मोजला, आणि अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक असलेली ही एक गोष्ट विसरली.

ती काम करायची त्या दुकानाचं नाव 'हिरवं घर'. मालक यशराज तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. पुण्यात डिझाइन शिकून आला, आणि वडिलांच्या मोकळ्या गाळ्यात ज्यूटचे पडदे, बांबूचे दिवे, करवंटीचे चमचे, केळीच्या सोपाच्या चटया मांडून बसला. पर्यावरणाला जपणारं, पण देखणं घर, असं त्याचं म्हणणं. संघप्रिया त्याआधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. ती लॅब दुसऱ्या मोठ्या लॅबनं घेतली आणि जुनी माणसं कमी झाली. यशराजला दुकानातल्या खताच्या मडक्यांचं शास्त्र गिऱ्हाइकांना समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं.

समजावून सांगणं सोपं होतं. समजून घेणारं गिऱ्हाईक मिळणं अवघड होतं. "एवढ्या पैशात कुंभार गल्लीत गाडीभर मडकी येत्यात की," हे रोजचंच. एका डॉक्टरीणबाईंनी मडकी नेली आणि त्यांत छत्र्या ठेवल्या. एका गुरुजींनी फोन करून तक्रार केली की तुमच्या मडक्याला भोकं आहेत, पाणी गळतंय. हुपरीच्या एका चांदीवाल्यानं एकदम तीन संच नेले, तेव्हा ती दिवसभर खूश होती. पुढच्या महिन्यात कळलं, नव्या बंगल्याच्या जिन्यात त्यांत प्लास्टिकची सूर्यफुलं घालून ठेवलीत.

म्हणून मग तिनंच तोडगा काढला. एक इमारत धरायची, मडकी नुसती विकायची नाहीत, दर आठवड्याला जाऊन शिकवायचं. सयाजीरावांच्या सोसायटीतली अर्धी घरं तयार झाली. खत नीट झालं तर उरलेली घरंही घेणार, आणि शेजारच्या दोन इमारतीही. यशराजनं स्पष्ट सांगितलं होतं की ही ऑर्डर आली तर दुकान चालेल आणि संघप्रिया त्याची तांत्रिक प्रमुख होईल. नाहीतर वडील गाळ्यात मोबाईलचं दुकान घालायला टपलेलेच आहेत.

नोकरीचं ठरलं त्या दिवशी तिच्या वडिलांनी, नागसेनांनी, एकच प्रश्न विचारला होता. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मलकापूरकडच्या गावात त्यांच्या वडिलांनी मेलेली जनावरं ओढायची गावकी छप्पन साली टाकली, आणि त्यापायी गावाचं पाणी, दळण, सगळं बंद झालं तरी पुन्हा धरली नाही. ते घरात कुणी उगाळत बसत नसे, पण विसरतही नसे.

"त्या मडक्यात हात कुणाचा जाणार?" नागसेनांनी विचारलं.

"ज्याचं घर, त्याचा," ती म्हणाली.

मग त्यांनी होकारार्थी मान हलवली होती.

तेवढा नियम तिनं पाळला. पहिल्या आठवड्यात सयाजीरावांची बायको संयोगितावहिनी रबरी हातमोजे घालून, नाकाला पदर लावून उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात मडक्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसल्यावर पारा सरसर चढलेला बघून बायका चक्रावल्या. आत विस्तव नाही, वीज नाही, मग तापतंय कशानं? संघप्रियानं सांगितलं, जिवाणू जेवतायत, त्यांच्या अंगाची ऊब आहे ती. तेव्हा वहिनींनी हातमोजा काढून आपण होऊन आत हात घातला आणि हसून म्हणाल्या, "अगं बाई, ताप भरलाय की ह्याला." त्या दिवशी संघप्रिया घरी जाताना रिक्षा न करता चालत गेली होती, इतका आनंद झाला होता तिला.

आणि आता फिनेल.

यशराजला तिनं दुकानात जाऊन सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला, मग कुणाकुणाला फोन करत बसला. संध्याकाळी तो तिला घेऊन सयाजीरावांच्या हॉलमध्ये गेला. चहा आला. सयाजीराव मनमोकळे गृहस्थ होते. बायकांनी गडबड केली हे त्यांनी लगेच कबूल केलं, आईला दोन शब्दही सुनावले, आणि मडकी आपल्याला आवडल्याचं सांगितलं. नुसती आवडलीच नव्हती, सगळ्या घरांसाठी घ्यायची होती. यशराज खुर्चीत पुढे सरकला.

"फक्त एक करायचं," सयाजीराव म्हणाले. "मडकी सगळी गच्चीवर. घरात न्हाई. बायकांस्नी सण-वार असत्यात, देवधर्म असतोय, त्येंना न्हाई जमत हात घालायला. मॅडम, तुमीच बघा की. आठवड्यातनं दोनदा यायचं, ढवळायचं, तयार झालं की काढायचं. वर्गणी काढून देतो आमी. न्हाईतर दुसरं कुणी बघा. तुमच्याकडं ह्या कामाची सवय असलेली माणसं असत्यात."

संयोगितावहिनींनी कपबश्या गोळा करायला सुरुवात केली. अजून दोन कप भरलेले होते.

"आमच्याकडं म्हणजे कुणाकडं, काका?" संघप्रियानं विचारलं.

सयाजीरावांनी यशराजकडे बघितलं. "म्हंजे दुकानाकडं हो."

"दुकानात आम्ही दोघंच आहोत. मी आणि सर."

"मग झालं की."

"मग सर येतील ढवळायला."

यशराज हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

दसऱ्यानंतर मी पुन्हा पहिल्यापासून शिकवायला येते, असं तिनं सांगून बघितलं. ज्यांना स्वतः हात घालायचा असेल त्यांनीच घ्या, बाकीच्यांनी सरळ कुंड्या घ्या, त्यात झाडं चांगली येतील. सयाजीरावांनी ते ऐकून घेतलं, आणि सोसायटीत असं ज्याचं त्यानं करून चालत नाही, एकसारखी व्यवस्था लागते, हे शांतपणे समजावलं. लिफ्टचं तेलपाणी, टाकीची सफाई, जिन्याचा झाडू, ह्या सगळ्याला माणूस असतोच की. ह्यालाही असेल. त्यांच्या आवाजात कुठंही तिरकेपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

खाली स्कूटरपाशी यशराजनं किल्ली लावली पण स्कूटर चालू केली नाही.

"तुम्ही पर्सनली घेऊ नका, संघप्रियाताई. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं."

"मनात होतं असं मी म्हटलंच नाही."

"मग? तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, खत म्हणजे घाण नव्हे. घाण नाही, तर हात घालायला काय हरकत आहे?"

तिला एकदम थकवा आला. इतका वेळ शांत राहिल्याचा असेल.

"घाण नाहीच," ती म्हणाली. "म्हणून तर त्यांनी घालावा."

यशराज बराच वेळ आरशाशी चाळा करत राहिला. मग त्यानं सांगितलं ते सरळ होतं. ऑर्डर सोडणं त्याला परवडणार नव्हतं. काम करायला इमारतीतल्या गाड्या पुसणारा केरबा तयार आहे, त्याला ती शिकवेल का? तिनं विचारलं, केरबाच्या घरी मडकं देणार का? यशराजला प्रश्नच कळला नाही. मग ती म्हणाली की मी महिनाअखेरपर्यंत येते. नंतर पुन्हा एखादी लॅब बघते.

घरी नागसेनांना तिनं चार वाक्यांत सांगितलं. ते पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसले होते. त्यांनी स्क्रू तोंडात धरून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "लॅबला दुपारची पाळी नको घेऊ. बस मिळत नाही येताना." तिला उगाचच बरं वाटलं.

नवरात्राच्या पाचव्या माळेला ती घरोघरी दिलेले दुकानाचे थर्मामीटर गोळा करायला त्या इमारतीत गेली. मडकी गच्चीवर गेली होती, पाण्याच्या टाकीमागं, कुणाला दिसणार नाहीत अशी. त्यांवरची वेलबुट्टी भिंतीकडे केलेली होती. दर दारात तिनं थर्मामीटर मागितला, आणि दर दारात तो शोधावा लागला. एकीनं तो मुलाला ताप आला तेव्हा वापरून बघितला म्हणे, पण त्यात ताप दिसला नाही. संघप्रियानं काही समजावून सांगितलं नाही.

सयाजीरावांच्या दारात झुंबरबाईच होत्या. त्यांनी तिला हाताला धरून हॉलमधून गॅलरीत नेलं. तिथं कोपऱ्यात मडक्यांचा एक संच उभा होता.

"हे वर नाही नेलं?"

"न्यायला आलता केरबा. मी न्हाई दिलं." झुंबरबाईंनी झाकण काढलं. आत झेंडूच्या माळा होत्या, विड्याची पानं, केळीची सालं, आणि सगळ्यावर कुंकू. "देवाचं हाय ह्ये. रोजची माळ उतरली की हितं. नदीत सोडायचं, तर नदीचा तो वास, आन् घंटागाडीत टाकवत न्हाय. पर कायतरी बिघडलंय बघ. गिळगिळीत झालंय."

संघप्रियानं वाकून बघितलं. बिघडणारच होतं. फुलांचं पाणी निथळलेलंच नव्हतं, भुशाचा कण नव्हता, आणि मधे एक अख्खा नारळ शेंडीसकट रुतवलेला होता.

"आजी, नारळ कशाला घातला?"

"नासका निघाला."

"तो दोन वर्षं कुजायचा नाही."

"मग काढ की."

संघप्रिया हात मागे बांधून उभी राहिली. "तुम्ही काढा," ती म्हणाली. "आणि मग खालपासून वर सगळं मोकळं करा. एक मूठ घेऊन पिळून बघा, पाणी किती निघतंय. मी बघते."

झुंबरबाईंनी तिच्याकडे जरा वेळ रोखून बघितलं. "लई हुकूम चालतोय गं तुजा," त्या म्हणाल्या. मग लुगड्याचा घोळ गुडघ्यात दाबून त्या खाली बसल्या, बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. गावाकडं गोठ्यात वाढलेल्या त्या बाईला ते नवीन नव्हतं. नारळ निघाला. चिकट, काळपट फुलं वर आली, खाली गेली. मूठ पिळल्यावर बोटांमधून धार लागली. संघप्रिया सांगत गेली, की आता वर्तमानपत्र फाडून घाला, भुसा घाला, दोन दिवस झाकण उघडं ठेवा. झुंबरबाई करत गेल्या, आणि मधूनमधून तिच्या मास्तरकीला नावं ठेवत गेल्या.

झालं तेव्हा त्यांचे दोन्ही हात माखले होते. उठायला टेकू घेण्यापुरतीही स्वच्छ जागा हातांवर उरली नव्हती.

"आत जाऊन तांब्या भरून आण," त्या म्हणाल्या. "वट्यावर हाय बघ, घटाच्या अंगाला."

संघप्रिया ह्या घरात हॉल आणि गॅलरी सोडून आत कधी गेलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी ती थांबली.

"जा की," मागून आवाज आला. "अंग अवघडलंय माजं."

आत दिवा जळत होता. घटाभोवतीच्या मातीत कोवळे पिवळट अंकुर वर आले होते. तिनं ओट्यावरचा तांब्या उचलला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि न सांडता गॅलरीत आणला. झुंबरबाईंनी बसल्या जागेवरून दोन्ही हात पुढे केले.

संघप्रिया वाकली आणि वरून बारीक धार धरली. पाणी काळं, मग तांबडं, मग पिवळं होत मोगऱ्याच्या कुंडीत उतरत गेलं. झुंबरबाई नखांतली माती काढत होत्या.

"घाई नको करू," त्या म्हणाल्या, आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.