काळी तार खाटेलाच

ड्रायव्हरबाईंनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की संध्याकाळपर्यंत स्टिरिओ वाजला नाही तर भंगारवाल्याने तो खुशाल न्यावा, त्या स्वतः त्याच्या हातगाडीवर चढवून देतील. मुलाने लगेच "ठरलं" म्हटलं आणि भंगारवाल्याला फोनही लावला. एरवी आईच्या बोलण्याकडे कानाडोळा करणारा हा मुलगा, एवढा शब्द मात्र त्याने झटकन उचलला.

बाईंनी हयातभर शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली. मग डोळ्यांच्या आजारात बाजूचं दिसणं गेलं. समोरच्या सुईत दोरा ओवता यायचा, पण डावीकडून येणारी सायकल दिसायची नाही. लायसन्स गेलं, ते त्यांनी मुकाट्याने मान्य केलं, कारण परक्यांच्या पोरांच्या जिवाशी खेळ नको. पण मग मुलाने व्हॅन विकली, घडीची लोखंडी आरामखुर्ची आणली, आणि घरातले सगळे त्यांच्याशी एकदम सावकाश आणि गोड बोलायला लागले, जसं काही डोळ्यांबरोबर डोकंही गेलं.

"आई, आता तू फक्त बसायचं," मुलगा म्हणाला होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हॅन न्यायला माणूस येण्याआधी त्यांनी स्टिरिओ, अॅम्प्लिफायर आणि मागचे दोन दणदणीत स्पीकर काढून घेतले. स्वतःच्या हाताने बसवले होते, स्वतःच्या हाताने सोडवले. तेव्हापासून ते त्यांच्या लोखंडी खाटेखाली पडून होते.

"घरात गाडीची बॅटरी आहे का? कशावर वाजवणार?" मुलगा म्हणायचा. "फोनवर चालणारा छोटासा स्पीकर आणून देतो ना तुला."

बाईंनी त्या छोट्याशा स्पीकरला भीक घातली नाही. हे सामान गेलं की आपण खुर्चीत जाणार, आणि खुर्चीत गेलो की पुन्हा उठणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. ते समोरचंच होतं.

माळ्यावर मुलाचा जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. त्याच्या पोटात पत्र्याचा एक डबा असतो, घरची वीज घेऊन तो कॉम्प्युटरला बारा व्होल्ट देतो. बारा व्होल्ट म्हणजे गाडीच्या बॅटरीचंच माप. बाईंनी फोनवर व्हिडिओ बघून बघून हे पाठ केलं होतं. डबा न उघडता त्यांनी बाहेर काढला आणि लाकडी फळीवर बसवला. हिरवी तार काळीला जोडली, नाहीतर डबा चालूच होत नाही. पिवळ्या तारांतून बारा व्होल्ट येतात, त्या सगळ्या एकत्र पिळल्या, कारण एकटी तार एवढ्या अॅम्प्लिफायरला पुरणार नाही, तापेल. सूनबाई चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होती आणि नवऱ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होती.

"आई, घर पेटवशील," दारातून मुलगा म्हणाला.

"पेटलं तर तुझ्या खुर्चीत बसून बघीन."

शेवटी स्टिरिओ आणि अॅम्प्लिफायरच्या काळ्या तारा उरल्या. बाईंनी खाटेच्या पायावरचा रंग खरवडला, आणि दोन्ही तारा तिथे स्क्रूने घट्ट आवळल्या. हात आपोआपच चालले. तेवढ्यात भंगारवाला येऊन दारात उभा राहिला. बरोबर तराजू होताच.

बाईंनी बटण दाबलं. डब्याचा पंखा फिरला. सूनबाईने टाळी वाजवायला हात उचलले, आणि तसेच धरून ठेवले, कारण स्टिरिओ ढिम्म होता. दिवा नाही, खरखर नाही. बाईंनी फ्यूज काढून बघितला, तो धडधाकट. पिवळी तार ओढून बघितली, पक्की.

मुलगा हसला असता तर बरं झालं असतं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "असू दे, आई. खूप केलंस तू."

ही कीव बाईंना थपडेपेक्षा जास्त लागली. त्या मटकन खाटेवर बसल्या. भंगारवाल्याने अंदाज घेत एक स्पीकर उचलला. शब्द दिला होता, अडवायचं तरी कुठल्या तोंडाने? बाईंची बोटं खाटेच्या पायाशी, त्या काळ्या तारांवर गेली. स्क्रू घट्ट होता. गाडीत असाच तर आवळतात.

गाडीत.

गाडीत काळी तार जवळच्या कुठल्याही लोखंडाला जोडली की झालं. बॅटरीचं दुसरं टोक आधीच पत्र्याला जोडलेलं असतं, म्हणून सगळी गाडी मिळून एक मोठी काळी तार होते. ते जोडकाम कारखान्यातच झालेलं असतं, बाईंना ते जन्मात कधी करावं लागलं नव्हतं. आणि इथे? खाट एकीकडे, डबा लाकडी फळीवर दुसरीकडे, दोघांची ओळखच नाही!

बाई खदखदून हसल्या. "अगं, मी गाडीच समजून चालले होते! खाली ठेव रे तो स्पीकर. संध्याकाळ व्हायचीय अजून."

डब्यातल्या काळ्या तारांचा झुबका त्यांनी हातात घेतला.

"आई, मग खाट सोडा ना," सूनबाई म्हणाली. "स्टिरिओच्या तारा सरळ या डब्याच्या तारांनाच जोडा. सोपं पडेल."

सोपं पडलं असतं, हे बाईंनाही माहीत होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "खाटेलाच."

"खाटेत करंट सोडतेस? वेड लागलंय का?" मुलगा ओरडला.

बाईंनी झुबका खाटेच्या पायाला आवळला, बटण दाबलं आणि दोन्ही तळहात खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठेवले. "बारा व्होल्ट. मुंगीसुद्धा घाबरत नाही याला."

स्टिरिओवर निळे आकडे उजळले. बाईंनी गोल बटण फिरवलं, आणि शाळा सुटल्यावर व्हॅनमध्ये वाजायचं ते गाणं ढोलासकट खोलीत घुसलं. खिडकीची काच थरथरली. खाट थरथरली. खाली इंजिन असावं तशी ती थरथर बाईंच्या तळहातांतून खांद्यापर्यंत गेली, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. ती त्यांनी पुसलीही नाही.

"मावशी," भंगारवाला गाण्यावरून आवाज चढवून म्हणाला, "मी काय रिकाम्या हाताने जाऊ?"

"कशाला? ती खुर्ची लोखंडाचीच आहे. उचल."

"आई, नवीकोरी आहे ती!"

"बसले असते तर जुनी झाली असती."

भंगारवाल्याने मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग बाईंच्या, आणि खुर्चीची घडी घातली. सूनबाईने त्याला दार उघडून दिलं.

मुलगा खोलीच्या मधोमध उभा राहिला. बसायला आता खाटेशिवाय काहीच नव्हतं. बाई उशाकडे सरकल्या आणि त्यांनी पायथ्याची जागा थोपटून दाखवली.

"बस. मागे. पुढे मी आहे."

तो बसला. बाईंनी आवाज आणखी वाढवला.